कवठ्याची गुराब कोयनेच्या पावसात

आणि वर मलाच म्हणतो, चूक तुझ्या नकाशात हाय! माझ्या नकाशात कशी असेल? तोच नकाशा मी इथं मशीनला लावतो, त्याच मापाची खाच कापतो, त्यानंच पाठवलेल्या पार्सलातली शिवणीच्या लाकडाची पट्टी घेतो आणि फासळी अशी बसते की उपसून काढताना अंगठा दुखतो. तिकडं माझा भाऊ तीच फासळी खाचेत घालून फोनजवळ धरतो आणि हलवतो. "ऐकतोस न्हवं? खुळखुळा झालाय तुझ्या जहाजाचा. पाळण्यावर बांधायचा का?"

उन्हाळ्यापासून हेच चालू होतं. शेवटी मालकाकडं आठवड्याची रजा टाकली आणि म्हणालो, आता येऊनच दाखवतो. मी काही फिरायला गेलो नव्हतो. पण वाटेत जे बघितलं ते लिहितोय, कारण कोयनेला पावसाळ्यात कसं जायचं असं विचारणारे लय आहेत.

मी जमीर. गाव कवठे महांकाळ. नववीत शाळा सोडली आणि आमच्याकडची पोरं जातात तसा चांदी गाळायच्या दुकानात कामाला म्हणून केरळात आलो. ॲसिडचा वास सोसेना, तिथून पळालो. अजून दोन ठिकाणी पळालो. आता कोळिकोडला लेसरनं दारावरची नक्षी कापतो. सुट्टीत समुद्रावर जातो. जवळच लाकडाची मोठी जहाजं अजून हातानं बांधतात, ती बघत बसतो. त्यातनंच हे खूळ निघालं.

माझा थोरला भाऊ इस्माईल सुतार आहे. त्यानं समुद्र कधीच बघितलेला नाही. दिवाळीत गल्लीतली पोरं मातीचा किल्ला करतात, मावळे मांडतात, खाली परातीत पाणी ठेवून त्याला समुद्र म्हणतात. भाई एकदा फोनवर बोलला, "एवढा जंजिरा केला पोरांनी, आणि समोर कागदाची होडी." मग मी जुन्या चित्रांवरून गुराब काढायला घेतली. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज. पुढं निमुळतं टोक, त्या टोकाकडं तोंड केलेल्या तोफा, वर डोलकाठ्या आणि शिडं. कारखाना सुटल्यावर मालकाच्या कॉम्प्युटरवर एकेक फासळी काढायची, ओळीनं तिला नंबर द्यायचा आणि नकाशा भाईला पाठवायचा. त्यानं जुनं लेसर मशीन घेतलं होतं. तो कापणार, खोक्यात भरणार, आणि पोरं घरी जोडणार. मधला कणा घ्यायचा, त्याच्या खाचांत फासळ्या उभ्या करायच्या, वरनं पातळ फळ्या चिकटवायच्या.

सगळं त्या खाचांवर होतं.

कोळिकोडहून मिरजेला सरळ येणाऱ्या गाड्या थोड्या आहेत, आधी बघून ठेवा. स्लीपरला पाचशे-सहाशे लागतात. मंगळूर, मडगाव, मग घाट चढून लोंढा, बेळगाव, मिरज. दूधसागरापाशी सगळा डबा खिडकीला लोंबकळला. मी नाही उठलो. मांडीवर जहाजाचा सांगाडा होता, डिंक न लावता नुसता खाचांवर उभा केलेला. समोरच्या बेळगावच्या काकांनी बराच वेळ बघितलं.

"गणपतीची आरास काय?"

"न्हाई ओ. जहाज हाय. लढाईचं."

"आणि शिडं?"

"शिडं शेवटी. आधी हाडं."

"बरं बरं," म्हणाले आणि पाय जरा लांब घेतले, जणू मोडलं तर त्यांच्यावर येईल.

मिरजेहून कवठ्याला एसटी नाहीतर वडापची जीप, शंभराच्या आत. बेळगावपर्यंत पावसानं झोडपलं होतं. मिरज सोडली की आभाळ नुसतं भरलेलं, थेंब नाही. कवठ्यात तर धूळ उडत होती. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं सगळं मराठीत लिहितोय. भाभीनं बाजरीची भाकरी आणि खर्डा वाढला आणि म्हणाली, "जेवून घे आधी, भांडायला ताकद लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये मी ऐटीत पिशवीतनं सांगाडा काढला. भाईनं कणा धरून हलवला. खुळखुळ.

गाडीत बसताना हा घट्ट होता, शपथेवर.

"हादऱ्यानं झालं असंल," मी म्हणालो.

"व्हय रं. आगगाडीत हादरतं, तर तोफ उडवल्यावर काय हुईल?" भाई हसला. मग मशीनवरची भुश्शाची धूळ फडक्यानं पुसत म्हणाला, "मिरजेचा एकजण आलता. लग्नपत्रिका कापतो. मशीन मागतोय. अकरा हजार बयाणा देऊन गेलाय. रविवारी टेम्पो आणतो म्हणला."

"आणि तू घेतलास?"

"घेतला. लाकडात घातला. तुझ्या जहाजाच्याच लाकडात घातला, वरडू नगंस."

म्हणजे गोष्ट अशी होती. कोयनानगरला मंगलताई म्हणून आहेत, त्यांच्या तीन खोल्या आहेत पाहुण्यांसाठी आणि पुढं मध, कोकम, नाचणीचे पापड विकायचं दुकान. त्यांना दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्या पोरांसाठी चाळीस खोकी पाहिजे होती. पण आधी एक खोकं त्या स्वतः जोडून बघणार होत्या. जमलं तर मशीन राहणार. नाही जमलं तर रविवारी टेम्पो.

मी हरलो होतो, म्हणून भाईचं ऐकलं. खाच अरुंद केली, केसभर. नवीन पट्ट्या माळ्यावरच्या थप्पीतनं काढल्या, दिवसभर कापल्या. जळक्या लाकडाचा वास अजून नाकात आहे. संध्याकाळी फासळी बसवली आणि टच्च आवाज आला. परत दुसरी, टच्च. भाभी दारातनं म्हणाली, "आता बोला, कुणाचं चुकलं?" आम्ही दोघांनी एकमेकाकडं बोट केलं.

कवठे महांकाळ ते कोयनानगर दिवस जातो, घाईनं जायचा रस्ता नाही हा. सांगली, इस्लामपूर, कराड, पाटण. एसटीनं गेलं तर माणशी तीनशे-साडेतीनशे. सांगलीच्या स्टँडवर भडंग घ्या, कराडला जेवून घ्या, पाटणच्या पुढं काय मिळंल याचा भरवसा धरू नका. आणि पावसाळ्यात कराडहून शेवटच्या गाडीवर अजिबात विसंबू नका.

कराड सोडलं आणि रंगच बदलला. आमच्याकडं कुसळं, इथं भिंतीवर पण हिरवळ. पाटणच्या पुढं तर ढग रस्त्यावर उतरले होते. गाडीची खिडकी लागत नव्हती. मी खोक्याला रेनकोट घातला आणि स्वतः भिजलो. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"काय हाय? अंडी?"

"जहाज हाय."

"मग एसटीत कशाला घातलाय? धरण भरलंय, सोडा की पाण्यात."

सगळी गाडी हसली. भाई पण हसला, आणि मग माझ्या कानाशी म्हणाला, "ताईनं विचारलं, फासळी मोडली तर दुसरी हाय का, तर काय सांगायचं?" इस्लामपुरापासून हे त्याचं चौथ्यांदा होतं.

वळणावरनं एकदा धरणाचं पाणी दिसलं. करडं, आभाळाला टेकलेलं. भाई उठून उभा राहिला. "समुद्र असाच असतो व्हय?"

"न्हाई. तो हलतो."

"मग ह्योच बरा," म्हणाला आणि बसला.

मंगलताई पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, आवाज मोठा. गेल्या गेल्या चहा, कांदाभजी. भाईला धीर नव्हता, त्यानं लगेच खोकं उघडून सगळे तुकडे नंबराप्रमाणं ओसरीतल्या टेबलावर मांडले. ताई म्हणाल्या, "आता उजेड न्हाई. उद्या सकाळी बसते. माझ्या हातानं झालं पायजे हां, तुमी दोघांनी हात लावायचा न्हाई." तुकडे तसेच टेबलावर राहिले. खोलीचं भाडं आठशे, जेवण वेगळं. खोली स्वच्छ आहे, फक्त दार लावायला खांदा द्यावा लागतो.

सकाळी पाऊस असा की समोरचा डोंगर नव्हताच. ताईंनी चष्मा लावला, कणा उचलला, एक नंबरची फासळी घेतली. ती खाचेच्या तोंडावर थांबली.

"दाबू?"

"दाबा, पण जपून."

दुसरी घेतली. ती पण थांबली. तिसरी त्यांनी जोरात दाबली आणि कट्‌ आवाज झाला. फासळीचे दोन तुकडे त्यांच्या हातात. ताई काही वाईट बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माझं बोटच जड असंल." त्यानं जास्त वाईट वाटलं.

मला डोळ्यापुढं टेम्पो दिसत होता. काल संध्याकाळी... नाही, परवा, टच्च बसलेल्या फासळ्या या. मीच कापल्या. भाईला वाटलं असणार, मी मुद्दाम चुकवलं, माझं खरं करायला. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. उठला, पिशवीतनं छोटा रंधा काढला आणि आमच्या खोलीच्या दारापाशी गेला. त्याचं असंच आहे, मन थाऱ्यावर नसलं की हाताला काम लागतं.

"आवं ताई, ह्ये दार कवापासून अडतंय?"

"दर पावसाळ्यात अडतंय. दिवाळी झाली की आपापलं लागतंय."

"अडणारच. लाकूड हवेतलं पाणी पितंय, फुगतंय," भाई रंधा मारत म्हणाला. "उन्हाळ्यात परत आकसतंय. जास्ती न्हाई रंधत, न्हाईतर मे महिन्यात फट—"

रंधा दारावरच थांबला. एक छिलका अर्धा लोंबत होता.

तो हळूच वळला. "जमीर. तुझ्या तिकडं हवा कशी असती रं?"

"ओली. डब्यातल्या मिठाचं पाणी होतं. धुतलेली चड्डी तीन दिवस वाळत न्हाई."

"आणि ह्ये तू मला आत्ता सांगतूस?"

"तू मला चड्डीचं कवा विचारलंस?"

ताई टेबलाशी बसून एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. माझ्याकडं समुद्राच्या हवेत लाकूड फुगायचं, म्हणून घट्ट. त्याच्याकडं तापल्या पत्र्याखाली माळ्यावर लाकूड वाळून आकसायचं, म्हणून सैल. आणि तेच वाळकं लाकूड इथं रात्रभर टेबलावर उघडं पडून फुगलं, म्हणून अडलं. दोघंही खरं बोलत होतो, चार महिने, आणि एकमेकाला खोटं पाडत होतो. दहा हजार दारं बसवली असतील भाईनं, तरी जहाजाला पण हवा लागते हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर कशातच आलं नाही.

मग भाईनं कानस काढली. ताईंची परवानगी घेऊन प्रत्येक खाच घासून सैल केली, चांगली सैल. "घट्ट आता खाच न्हाई करणार," म्हणाला, "पाचर करंल." जळणातली एक बांबूची कांब घेतली, तिच्या बारीक पाचरी तासल्या. हवा ओली असली तर पाचर थोडी आत जाईल, कोरडी असली तर जास्त. मोडलेल्या फासळीला डिंक लावून दोऱ्यानं गुंडाळलं. ताई परत बसल्या. फासळी घातली, पाचर टेकवली, लाटण्याच्या टोकानं हळू ठोकली. बसली. दुपारी जेवणापर्यंत सांगाडा उभा होता, टोक धरणाकडं. ताईंनी तो उचलून जोरात हलवला. आवाज नाही.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण चाळीस न्हाई घेत आत्ता. पंधरा द्या. दिवाळीत हवा कोरडी असती. तवा ह्या पाचरी पडल्या तर पोरं माझ्या नावानं वरडतील. टिकलं तर फुडचं बघू."

पंधरा. नाही म्हणण्यासारखं नाही आणि नाचण्यासारखं पण नाही. परत निघालो. मी भडंग पुढं केलं, भाई नको म्हणाला. कराडच्या स्टँडवर त्याचा फोन वाजला. मिरजेचा होता. भाई फोनकडं बघत राहिला, मग घेतला. "रविवारी टेम्पो आणू नगा... न्हाई, मशीनला काय न्हाई झालं... आवं, देतो की बयाणा परत. कवा ते सांगतो." फोन खिशात घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता बयाणा काय घरची दारं इकून देऊ?"

मी परत कोळिकोडला आलोय. टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्यात, एक पिशवीत बांधून, एक उघडी. रोज मोजतो. उघडी खरंच जाड होते. मालक म्हणतो, वेडा झालास. नकाशात आता प्रत्येक फासळीशेजारी पाचरीची जागा काढली आहे. दिवाळीत कोयनेला हवा कशी असेल याचा घोर आहे, आणि परत रजा मिळणार नाही, म्हणून तिथं जाऊन तो मिटवता येत नाही. तुमच्यातलं कुणी दिवाळीत तिकडं जाणार असेल, तर मंगलताईंच्या टेबलावरची गुराब एकदा हलवून बघा आणि मला कळवा. खुळखुळ वाजली तरी कळवा.

भाई, तुला फोनवर सांगितलं तर तू नको म्हणशील, म्हणून इथंच लिहितो. मिरजेच्या माणसाला बोलावून घे आणि त्याच्या हातात दे. आज पाठवलेत: अकरा हजार.