पाण्यावरची वेणी

आमच्या घरात खरं बोलण्याचं काम बायकोचं आणि गोष्टी सांगण्याचं माझं, ही वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली. ती म्हणायची, "रस्त्यात एक कुत्रं भुंकलं तर तुम्ही घरी येईपर्यंत त्याची सात होतात." हे काही खरं नाही. पाचच्या वर मी सहसा जात नाही.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. बायको साताऱ्याची, एका हिंदू शिक्षकाची मुलगी. लग्नाआधी तिने रीतसर धर्म बदलला. तिच्या वडिलांनी तिचं नाव घेणं सोडलं ते शेवटपर्यंत. तिच्या मागचं दार बंद झालं होतं, आणि माझ्या आईने पुढचं दार उघडून तिला आत घेतलं होतं. तिचं जे काही होतं ते या एका दारावर अवलंबून होतं.

आणि माझी सगळ्यांत चालणारी गोष्ट या धर्मांतराचीच होती. धर्म बदलताना शेवटी रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या देखरेखीखाली नैसर्गिक पाण्यात बुडी मारावी लागते. नदी चालते, समुद्र चालतो. आम्ही अलिबागजवळचा एक किनारा धरला. मग मी सांगायला लागायचो :

"किनाऱ्यावर सुधारक पंथाचे पाहुणे रब्बी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाठ करून उभे. कमरेएवढ्या पाण्यात माझी आई आणि साक्षीला आलेल्या ठाण्याच्या एक शाळामास्तरीण. मध्ये आमच्या ह्या. तोवर पाणी फक्त बादलीत पाहिलेलं! रब्बी ओरडले, 'आता!' ह्या खाली गेल्या नि लगेच वर. आई म्हणाली, 'अगं, गॅसवर दूध ठेवून आलीयस का? राहा की जरा खाली!' आणि डोक्यावर हात ठेवून दाबलंच. ह्या सगळ्या गेल्या पाण्याखाली, वेणी तेवढी वर! अशी डुलत होती, अशी, बदकाच्या शेपटीसारखी."

इथे मी हाताची दोन बोटं वर करून हलवायचो. बायको पदर तोंडाला लावून हसायची. पंचवीस वर्षं हसली.

मंदीत माझी दुबईची नोकरी गेली. इमारतींच्या खर्चाचे अंदाज काढणं हे माझं काम. इमारतीच जागच्या जागी थांबल्या तेव्हा माझे अंदाज कोणाला हवे होते? बायको-मुलीला ठाण्याला धाडलं, आणि व्हिजिट व्हिसावर दुबईतल्या देऱ्यात सहाजणांच्या खोलीत राहून मी दारोदार सीव्ही वाटला. प्रत्येक ठिकाणी "इन्शाल्ला" म्हणत. अखेर अबुधाबीत पहिल्यापेक्षा लहान काम मिळालं, आणि आम्ही तिघं तिथल्या खलिफा सिटीत एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर पुन्हा एकत्र आलो.

शुक्रवारी संध्याकाळी दुबईत एका घरी शब्बाथच्या, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या शनिवारच्या विसाव्याच्या प्रार्थनेला आम्ही काही ज्यू जमायचो. पाटी नाही, गवगवा नाही. मंदीने तिथलीही माणसं नेली. महिन्यातून दोनदा निरोपाचा केक कापला जायचा. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आम्ही कधी अकरा, कधी नऊ. नऊ असलो की यजमान गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे. कोण कुठल्या पंथाचा, कोणाची बायको कुठून आलेली, हे विचारायची आमची ऐपतच नव्हती.

किद्दूशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं सरबत माझी बायको करायची. सगळं जग त्यासाठी वाइन घेतं. आम्ही बेने इस्राएल मनुकांचं सरबत करतो. देऱ्यातून आणलेल्या काळ्या मनुका ती गुरुवारी भिजत घालायची, शुक्रवारी दुपारी हाताने कुस्करायची आणि मलमलीतून गाळून घ्यायची. आईने शिकवलं होतं तस्सं. तिथले परदेशी लोक आधी पेल्यात संशयाने बघायचे आणि मग दुसऱ्यांदा पेला पुढे करायचे.

जमणाऱ्यांत एक पनवेलचे काका होते. आमच्यातलेच, शारजात वर्कशॉप सांभाळणारे. नात्याने कोणी नव्हेत, पण आमच्या मुलीचे आजोबा व्हायचं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. घोट घेतला की डोळे मिटून म्हणायचे, "सूनबाई, माझी आई गेली तेव्हापासून हे कोणी पाजलं नव्हतं हो." त्या एका वाक्यावर बायको पुढचा आठवडा काढायची.

मग काही वर्षांनी क्रेन पुन्हा हलायला लागल्या. माणसं आली. खुर्च्या कमी पडू लागल्या. आणि परदेशातून एक तरुण रब्बी आले, सनातनी पंथाचे. मोठे गोड गृहस्थ. पहिल्याच शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर काका मला म्हणाले, "अरे, ती बुडीची सांग की रब्बींना!"

मला काय, निमित्तच हवं होतं. मी इंग्रजीत सांगितली, बोटंबिटं हलवून. सगळ्यांत जास्त रब्बी हसले. डोळे पुसत त्यांनी हळूच विचारलं, "साक्षीला बाई होत्या?"

"हो, शाळामास्तरीण. कडक बाई!" मी फुशारकीने म्हटलं.

"साक्षीच्या न्यायसभेला तिघं लागतात. बाकीचे दोघं कोण होते?"

"रब्बी आणि त्यांचे एक स्नेही."

"आणि वेणी पाण्यावर राहिली होती?"

"डुलत होती!" मी पुन्हा बोटं हलवली.

या वेळी ते हसले नाहीत. मी मात्र स्वतःच्या विनोदावर एकटाच हसत राहिलो, आणि हसता हसता मला समोर बायको दिसली. तिचा चेहरा उतरला होता. तिला माझ्या आधी कळलं होतं.

रविवारी काकांचा फोन आला.

"हे बघ, रब्बी काही वाईट बोलले नाहीत. सुधारकांच्या न्यायसभेत बाई साक्षीला बसलेली, ती त्यांच्या पंथाला चालत नाही. त्यावर मी भांडलो. म्हटलं, बाई असो नाहीतर बुवा, समुद्र तर खरा होता ना? पण वेणी रे..."

"वेणीचं काय?"

"सगळं अंग पाण्याखाली जावं लागतं. एक केससुद्धा बाहेर नको. हे सनातनी म्हणतात आणि सुधारकही म्हणतात. तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं जमतं. म्हणजे बुडी झालीच नाही. मी आता कशावर भांडू?"

"काका, वेणी मी घातलेली आहे!"

"काय?"

"गोष्टीत. माझ्या मनाने. मी तिथे नव्हतोच. पुरुषांनी बघायचं नसतं म्हणून मी लांब सुरूच्या झाडांत, समुद्राकडे पाठ करून उभा होतो. कुठल्याशा बारशात लोक पुरेसे हसेनात म्हणून मी ती वेणी वर काढली."

काका म्हणाले, "पंचवीस वर्षं एक सांगतोस आणि आज अडचण आली म्हणून दुसरं सांगतोस. रब्बी काय म्हणतील? मी काय म्हणू?"

मी चिडलो. "काका, तुमचे वडील इस्राएलला गेले तेव्हा त्यांच्याकडेच पिढ्यान् पिढ्यांचे पुरावे मागितले होते ना? कोकणातले खरे ज्यू की खोटे म्हणून? उपोषणाला बसले होते ना ते?"

"म्हणूनच सांगतोय," काका म्हणाले. "आता कुठे आपल्याला मानायला लागलेत. तू ते दार पुन्हा किलकिलं करू नकोस बाबा."

आणि मग मूळ निरोप. सूनबाईंनी जरूर यावं. सरबतही आणावं. फक्त एकदा उकळून आणावं. न उकळलेल्या सरबताला ज्यू नसलेल्याचा हात लागला तर ते चालत नाही. उकळलेल्याला कोणाचाही लागला तरी चालतो. "इतकं साधं आहे. पाच मिनिटांचं काम," काका म्हणाले.

हा निरोप बायकोला कसा सांगायचा याच्या मी तीन आवृत्त्या केल्या. तिसरीत तर उकळल्याने सरबत जास्त टिकतं असंही होतं. ती कपडे घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरळ सांगा. तुम्हाला जमत नाही, पण सांगा."

मी सांगितलं.

"म्हणजे उकळलं की मी चालते," ती म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागली.

मुलगी तेव्हा कॉलेजात. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. आमच्यात मूल आईचा धर्म घेतं, हे तिला ठाऊक होतं. ती सोफ्यावरूनच म्हणाली, "सो आर दे गोइंग टू बॉइल मी टू, पप्पा?"

एरवी असा विनोद मी पुढच्या शुक्रवारी स्वतःच्या नावावर खपवला असता.

रब्बींनी मार्ग सुचवला. वर्षभर अभ्यास करायचा, तीन पुरुषांची न्यायसभा बसवायची आणि पुन्हा बुडी. समुद्र इथेही आहे. मुलीचीही सोबतच होऊन जाईल. मी बायकोला म्हटलं, "एक बुडीच तर आहे. आता तुला पोहताही येतं."

ती प्रथमच माझ्यावर ओरडली. "पुन्हा बुडाले की पहिल्यांदा बुडाले नव्हते, असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. मग इतकी वर्षं मी कोण होते? तुमच्या आईला शेवटचं पाणी पाजलं ते कोणी? आणि ही पोर, ही कोणाची?"

मी म्हटलं, साक्ष आणतो. आई गेलेली. सुधारक रब्बीही परदेशात वारलेले, त्यांचे स्नेही कुठे गेले पत्ता नाही. उरल्या ठाण्याच्या शाळामास्तरीणबाई. नव्वदीला टेकलेल्या, पण डोकं ठिकाणावर. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या, की वेणीसकट सगळी पाण्याखाली होती, तर निदान काका तरी भांडायला उभे राहतील. निदान सुधारकांच्या हिशेबात तरी ती पूर्ण बुडालेली राहील. मी फोन स्पीकरवर ठेवला. बायको शेजारी बसली, हात मांडीवर ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसतात तशी.

"बाई, आमच्या लग्नाआधीची बुडी आठवते का?"

"न आठवायला काय झालं? तुझ्या आईने हिचं डोकं दाबलं होतं."

बायकोने माझा हात धरला. इतकं तरी खरं होतं.

"बाई, तिची वेणी... ती पाण्याखाली होती ना?"

पलीकडून खुदकन हसण्याचा आवाज आला. "कसली पाण्याखाली! वर तरंगत होती रे. बदकाच्या शेपटीसारखी. मी डोळ्यांनी पाहिलीय!"

दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या लग्नात बाई समोरच्या रांगेत बसून माझी गोष्ट ऐकायच्या. मी किती समजावलं. "बाई, ते मी सांगायचो. तुम्ही माझ्याकडून ऐकलंय." त्या रागावल्या. "तू होतास कुठे तिथे? तू झाडांत होतास. मी पाण्यात होते. मला शिकवतोस?" आणि फोन ठेवला.

मी बायकोकडे वळलो. "तू सांग. तुला तर माहीत असेल. केसांना पाणी लागलं होतं ना? डोक्यावर पाणी आलेलं कळलं असेल ना?"

"मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "नाकातोंडात पाणी गेलं होतं. सासूबाईंचा हात आठवतो. जड होता. वेणी मला कशी दिसणार?" थोडं थांबून ती म्हणाली, "इतकी वर्षं मला ती दिसायचीच. तुम्ही सांगायचात तेव्हा मलाही ती वर दिसायची. आता दुसरं काही दिसतच नाही."

तिने माझा हात सोडला. रागाने नाही. काहीतरी घ्यायचं असल्यासारखा सोडला, आणि घेतलं काहीच नाही.

त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. मुलगी तर आधीच थांबली होती. मी दोन-तीनदा गेलो, प्रार्थनेच्या माणसांत मोजला गेलो आणि परत आलो. काका सरबताचं विचारायचे, आणि विचारून झाल्यावर कुठे बघावं ते त्यांना कळायचं नाही. आता मीही जात नाही. तिथे दहाच्या जागी तीस असतात. माझ्यावाचून काही अडत नाही.

मी वेणीच्या शेपटाला धरून भूतकाळात खूप मागे जाऊन पाहतो. सुरूची झाडं दिसतात. वाळूत रुतलेल्या माझ्या चपला दिसतात. पाठीमागून आईचा आवाज येतो. ते बारसं कोणाचं होतं, जिथे मी वेणी पहिल्यांदा वर काढली, ते मात्र आठवत नाही. कधी वाटतं, तसं बारसं झालंच नसेल. त्या दिवशी बसमध्ये हसत हसत आईनेच मला सांगितलं असेल. मी शपथेवर काही सांगू शकत नाही. सांगितलं तरी माझ्या शपथेवर विश्वास कोण ठेवील? मी स्वतःच ठेवत नाही.

बायको अजून गुरुवारी मनुका भिजत घालते. शुक्रवारी कुस्करते, गाळते आणि मग पातेलं गॅसवर चढवते. घरात आम्ही दोघंच असतो. पहिल्यांदा मी म्हटलं, "अगं, आपल्या घरात कशाला उकळतेस?"

"असू द्या," ती म्हणाली. "तुम्ही तरी पक्के ज्यू आहात ना."

ती भांड्याशी उभी राहते, सरबताला बुडबुडे येईपर्यंत. मग गॅस बंद करते आणि बाजूला होते. पेला मलाच भरून घ्यावा लागतो.