नोंदीला चिकटवलेलं नाव

यंत्रांची जात बडबडी. कागद कारखान्यातली यंत्रं दर तासाला शेकडो नोंदी ओकत, आणि त्या सगळ्या इंदूरच्या मुख्य ऑफिसला नको असत. म्हणून मधे ज्योत्स्ना, एका बिनखिडकीच्या खोलीत. फालतू नोंदी गाळायच्या, उरलेल्यांना यंत्राचा नंबर आणि कामगाराचं नाव जोडायचं, मग पुढे धाडायच्या. नियम तिनंच संगणकात लिहिलेले. नाव यायचं पाळीच्या तक्त्यावरून.

तक्ता मात्र भिंतीपुरता होता. घरात लग्न निघो की केळीची कापणी, माणसं तोंडी शब्दावर पाळ्या बदलत. साहेब सोडून सगळ्यांना हे ठाऊक.

मंगळवारी सुकवणीच्या रोलरचं बेअरिंग जळालं. इंदूरला नोंद गेली: कामगार रघुनाथ. दुपारी निलंबनाचा कागद आला. त्या वेळी रघुनाथकाका शाहपुरला भाचीच्या साखरपुड्यात पंगत वाढत होते. रोलरवर होता धर्मेंद्र. त्याचीही चूक नव्हती. रोलर तापल्याची सूचना आठवडाभर सारखी येत होती. ती इंदूरला पोचती तर दुरुस्तीवाले धावत येते. ज्योत्स्नानं ती कटकट समजून गाळली होती.

संध्याकाळी ती लोधीपुऱ्यात काकांच्या दारात उभी राहिली. तक्त्यावरचं नाव खरं नव्हतं, हे कळवते म्हणाली.

काका शांतपणे म्हणाले, "मग ते पूछतील, कोण होतं? धर्मेंद्रला कामाला लागून वर्ष नाही झालं, पोरी. पाळी बदलायचा शब्द मीच टाकला होता. आणि अदलाबदली उघडी पडली तर अर्धा कारखाना घरी बसंल."

"तुमची रिटायरमेंट दोन वर्षांवर आहे, काका."

"म्हणून काय त्याला पुढे ढकलू?"

ती परत खोलीत आली. नावाबद्दल बोलायची सोय नव्हती. गप्प बसायचीही नव्हती. गाळलेल्या नोंदी कुठेच साठवलेल्या नव्हत्या. उरला होता फक्त गाळायचा नियम, वर तारीख, खाली तिचं नाव. तोच तिनं जोडला आणि इंदूरला लिहिलं: सूचना आली होती, मी अडवली, कामगाराचा दोष नाही.

आठवड्यानं काका कामावर रुजू झाले. ज्योत्स्नालाही काढलं नाही. तिचे नियम दुसऱ्या कुणाला उलगडत नव्हते. हुकूम आला तो वेगळाच. यापुढे गाळलेली प्रत्येक नोंद तिनं स्वतः वाचायची, वाचल्याची सही करायची.

पहिल्या दिवशी नऊ हजार निघाल्या. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पहिली उघडली.