उतार गल्ली

“नदीकडं तोंड करून सांगू, का पाठ करून?” पत्ता विचारणाऱ्याला ते आधी हे विचारायचे. समोरचा गोंधळला, की त्याचे खांदे धरून त्याला सरळ प्रवरेकडे वळवायचे आणि मग म्हणायचे, “हां, आता उजव्या हाताला.”

ते निवृत्त पोस्टमन. आमच्या शहरात त्यांनी टपाल टाकलं नाही असा उंबरा नसेल. तुम्ही कधी बाजारतळाजवळ चहाला थांबला असाल, तर खाकी टोपीतले ते म्हातारे तुम्हीही पाहिले असतील. तुम्हालाही त्यांनी वळवलं असेल.

मी पेंटर. फ्लेक्सनं आमचा धंदा खाल्ला, पण गल्ल्यांच्या नावांच्या पाट्यांचं नगरपालिकेचं काम कसं कोण जाणे मला मिळालं. यादीत एक नाव होतं ‘उतार गल्ली’. आता माझं शुद्धलेखन पक्कं, आणि त्याचा मला भारी तोरा! म्हटलं, लिहिणारा चुकला. दिलं ठोकून, ‘उत्तर गल्ली’. ती गल्ली नदीला लागून, गावाच्या पार दक्षिणेला आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

ते त्याच गल्लीत राहायचे. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

“पेंटर, आमची गल्ली रातोरात उत्तरेला गेली की वो!”

“यादीतच तसं होतं, काका,” मी बेधडक खोटं बोललो.

ते चिडले नाहीत. मला हाताला धरून घाटावर नेलं आणि पाण्याखालचा काळा खडक दाखवला. “ह्यो उतार. हितं पानी गुडघाभर. पूल नव्हता तवा बैलगाड्या हितूनच पलीकडं जायच्या. पूर आला की मानसं अलीकडं बसून ऱ्हायची, धा-धा दिस. मग कुनी चूल मांडली, कुनी दुकान मांडलं, कुनी हितंच पोरगी दिली. आपलं गाव कुना राजानं वसवलं न्हाई, पेंटर. खोळंबलेल्या मानसांनी केलं. आन् आता त्यो शबूदच गेला.”

डोळे मिटायच्या आत तो शब्द पाटीवर परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. काम अर्ध्या तासाचं. पण पाटी पुसायची म्हणजे चूक आपली, हे चारचौघांत कबूल करायचं. मला धीर होईना. ‘उद्या करतो’ म्हणायचो. ते रोज यायचे, चहा प्यायचे, पाटीचा विषयही काढायचे नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग त्यांचे गुडघे गेले. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, तो त्यांना न्यायला आला. सामान टेम्पोत चढलं आणि मला राहवेना.

“काका, यादी बरोबर होती. मीच चुकलो.”

“मला ठाव हाय की! यादी म्या पैल्याच दिशी जाऊन बघितली.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी म्हनायची वाट बघत हुतो. लई येळ लावला राव.”

“उद्या नक्की बदलतो. फोटो पाठवतो.”

“फोटू नगं. मी येतो वाचाया.”

दुसऱ्या दिवशी खरंच बदलली. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. त्या सकाळी ते धुतलेले कपडे घालून पलंगावर बसले होते. गावी न्या म्हणाले, पेंटरनं पाटी केली असंल. मुलगा म्हणाला, रविवारी जाऊ. त्याच दुपारी त्यांनी डोळे मिटले.

मी दुकान ओढून घेतलं आणि त्यांच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहिलो. मग पाटी मोठ्यानं वाचली. उतार गल्ली. पुन्हा एकदा वाचली.