योहानच्या खोलीतली निवडणूक

कापसाच्या बाजारातून घरी आलं की सदऱ्याला कापूस लागलेला असतो. मुद्दाम कोणी लावून घेत नाही! किश्शांचंही तसंच. आता इंग्रज जायला निघाला, आमचे गोरे पाद्रीसाहेबही मायदेशी गेले, पण धुळ्याच्या मिशन बोर्डिंगमधल्या आमच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाचे किस्से काही केल्या झटकले जात नाहीत.

मंडळ काढलं शिमोननं, नगरच्या पोरांना घेऊन. चर्चच्या पाळकाचा मुलगा, नगरकडचाच, मराठी एकदम शुद्ध आणि नियमांची भारी हौस. मग आम्ही पारोळ्याची पोरं शिरलो, आमची अहिराणी घेऊन. मग भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधून सॅम्युएल आणि त्याचा भाऊ आले, ते तमिळ. आणि शेवटी चोपड्याच्या वरच्या डोंगरातून योहान आला. पावरी बोलणारा अख्ख्या बोर्डिंगात तो एकटाच!

साहेब मराठी शिकलेले बायबलातल्या शुभवर्तमानातून. भाजी वाढ म्हणाले तरी उपदेश केल्यासारखं वाटायचं. ते खूश होऊन म्हणाले, "पाहा, मंडळ वाढले आहे! आता प्रत्येक भाषेला मान द्या!"

झालं! जेवणाआधीची प्रार्थना सगळ्या भाषांत सुरू झाली. शिमोन मराठीत, मी अहिराणीत, सॅम्युएल तमिळमध्ये आणि शेवटी योहान पावरीत. योहानचं एक अक्षर आम्हाला कळायचं नाही, पण त्याच्या प्रार्थनेला आमचं "आमेन" सगळ्यात दणदणीत. कारण त्यानंतर जेवण!

स्वयंपाकाच्या सोनाअक्का एकदा भाकरीची टोपली आपटून म्हणाल्या, "भो, बठ्ठं थंडं व्हई गयं! देवले चार भाषा येतस, पन मनी चूल एकच शे!"

* * *

योहान येताना मंडळाला भेट म्हणून एक कोंबडा घेऊन आला होता. तुरेबाज, आणि स्वभावानं शिमोनसारखाच, म्हणजे सतत सूचना देणारा.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आम्ही नाटक बसवलं. शिमोन येशूचा शिष्य पेत्र झाला. पेत्रानं 'मी याला ओळखत नाही' म्हणून येशूला तीनदा नाकारायचं आणि मग कोंबडा आरवायचा. घरचा कोंबडा असताना तोंडानं कशाला आरवायचं? योहान चादरीमागे टोपली घेऊन बसला.

पडदा सरकला. शिमोननं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच कोंबडा आरवला!

"थांब रे, अजून नाकारलं नाही!" शिमोन ओरडला.

पुढे त्यानं रीतसर तीनदा नाकारलं. कोंबडा गप्प! शिमोन घामाघूम. त्यानं चौथ्यांदा नाकारलं, पाचव्यांदा नाकारलं. शेवटी पहिल्या रांगेतून साहेबच उभे राहिले.

"पेत्रा, पुरे! तू शास्त्राच्या पुढे जात आहेस!"

* * *

त्या फजितीनंतर शिमोननं ठराव मांडला, की ईस्टरला कोंबडा शिजवावा.

साहेब म्हणाले, मतदान घ्या, आणि तेही गुप्त. आता चिठ्ठ्या लिहायच्या तर तमिळ अक्षरातली चिठ्ठी कोणाची, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग साहेबांनीच तोड काढली. खोलीत एक गाडगं ठेवायचं. बाहेर टेबलावर हरभरे आणि सरकी. ठराव मान्य असेल त्यानं गाडग्यात हरभरा टाकायचा, अमान्य असेल त्यानं सरकी. सरकी म्हणजे कपाशीचं बी, ते खानदेशात कुठेही पायाखाली सापडतं. हरभरे मात्र त्या दिवशी संपले होते, म्हणून अक्कांनी गरम गरम फुटाणे दिले.

एकेक जण आत जाऊन आला. कोंबडा खायला सगळेच टपलेले, तेव्हा निकाल ठरलेलाच. शिमोननं गाडगं उपडं केलं.

आत एकच सरकी. बाकी काही नाही!

"फुटाणे कोणी खाल्ले?" शिमोन लालबुंद. "आणि सरकी कोणी टाकली? हात वर करा!"

आम्ही सगळे योहानकडे बघत होतो. योहान आढ्याकडे बघत होता.

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "गुप्त मतदानात कोणी काय केले हे कधीही विचारायचे नाही! मीसुद्धा विचारणार नाही!"

कोंबडा वाचला. ईस्टरला आम्ही वांग्याचं भरीत खाल्लं.

* * *

मग मुंबईहून एक बडे पाहुणे आले. ठिकठिकाणची मंडळं तपासत फिरायचं हे त्यांचं काम. भाषण इंग्रजीत. एकेका वाक्याला थांबायचे आणि आम्ही पाळीपाळीनं भाषांतर करायचो.

सुरुवातीला त्यांनी धोब्याच्या गाढवाचा एक विनोद सांगितला. शिमोननं मराठीत सांगितला, नगरवाले हसले. मी अहिराणीत सांगितला, पारोळेवाले हसले. सॅम्युएलनं तमिळमध्ये सांगितला, त्याचा भाऊ हसला. पाहुण्यांना वाटलं, आटोपलं. ते डोळे पुसत आपल्या आईच्या मरणाकडे वळले.

पण नियम म्हणजे नियम. योहान उभा राहिला आणि त्यानं तो विनोद पावरीत स्वतःलाच सांगितला. गाढवाच्या आवाजासकट! मग खाली बसला आणि पोट धरून खो खो हसायला लागला.

नेमकी तेव्हाच पाहुण्यांची आई देवाघरी गेली होती.

* * *

पाहुणे भयंकर दुखावले. जाताना हुकूम सोडून गेले, की हा बाजार बंद करा आणि भाषेप्रमाणे चार वेगळी मंडळं करा. प्रत्येक मंडळानं अध्यक्ष निवडायचा. चारही अध्यक्ष निवडून आले की जुनं मंडळ मोडलं!

साहेबांच्या मनात नव्हतं, पण वरचा हुकूम. बोलून चालून बिचारे चाकरच.

संध्याकाळी विहिरीवर योहान माझ्याशेजारी बसला होता. मांडीवर कोंबडा. त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. मग आमच्याकडून उचललेल्या अहिराणीत हळूच म्हणाला, "भाऊ, मी एकलाच प्रार्थना करसू, ते आमेन कोन म्हनी?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पलीकडे बसलेला सॅम्युएल पाहुण्यांच्या नावानं तमिळमध्ये बरंच काही बोलला. त्याचं भाषांतर कोणी मागितलं नाही.

रविवारी चार खोल्यांत चार गाडगी ठेवली. या वेळी हरभरे कच्चे होते, आणि राखणीला शिमोन! मराठीत शिमोन निवडून आला. अहिराणीत मी आलो. तमिळमध्ये सॅम्युएल आला. आम्हा तिघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

राहिला योहान. उमेदवार तोच, मतदारही तोच. तो आत गेला, नीट दार लावून घेतलं, आणि जरा वेळानं बाहेर आला.

साहेबांनी गाडगं उपडं केलं. एक सरकी पडली.

योहान हरला होता!

"काही चूक झाली असेल," साहेब म्हणाले. "पुन्हा मत दे, मुला. हरभरा म्हणजे होय. सरकी म्हणजे नाही."

योहाननं मान डोलावली. पुन्हा आत गेला, पुन्हा दार लावलं, पुन्हा बाहेर आला. गाडगं उपडं झालं.

पुन्हा सरकी!

शिमोननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. चौथा अध्यक्ष नाही, म्हणजे जुनं मंडळ मोडता येत नाही. नियम म्हणजे नियम! स्वयंपाकघराच्या दारात सोनाअक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

साहेबांनी ती सरकी तळहातावर घेतली आणि योहानच्या अगदी जवळ गेले.

"योहान, या खोलीत तुझ्याशिवाय कोणी गेले नाही. मग तुझ्याविरुद्ध मत कोणी दिले?"

योहाननं कोंबडा काखेत नीट धरला आणि म्हणाला, "साहेब, मतदान गुप्त शे!"