दिवाळीच्या सुट्टीतलं ऑपरेशन

आमच्या कंपनीतल्या लाइनवरच्या बायका पिशवी दिवाळीत काढतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. दिवाळीला कंपनी बंद असते, त्यामुळे रजेसाठी सुपरवायझरपुढं तोंड वेंगाडावं लागत नाही. फराळ आधीच करून ठेवायचा आणि लक्ष्मीपूजन उरकलं की दवाखान्यात भरती व्हायचं. लाइन सुरू झाली की पोटाला पट्टा बांधून बाई हजर. आम्ही बहुतेक जणी बीडकडच्या. मुलं झाल्यावर पाळी म्हणजे नुसती कटकट, असंच आमच्याकडं समजतात.

माझ्या थोरल्या बहिणीनं तेच केलं. तिशी नुकतीच ओलांडली होती. अंगावरून फार जायचं, आणि गाडीच्या वायरी जोडताना सारखं उठणाऱ्या बाईला कोण ठेवतंय? डॉक्टर म्हणाले, पोट उघडतोच आहे तर अंडाशयंही काढून टाकू, पुढं कॅन्सरची भीती नको. ताईला ते एकावर एक फुकट वाटलं. कुरुळीतल्या आमच्या खोल्यांवर तिनं शेजारणींना चहा पाजला, सुटले बाई एकदाची म्हणून.

अजून पंचेचाळिशी गाठली नाही, तर तिला वायरींचे रंग उमगेनात. डोळे गेले असतील म्हणून चष्मा केला. मग एकदा कंपनीच्या बसमधून उतरली आणि खोली सापडेना म्हणून किराणा दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. कंपनीनं आधी तिला झाडलोटीवर टाकलं, नंतर घरी बसवलं.

मी तिला चिंचवडला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सगळ्या तपासण्या पाहून त्यांनी विचारलं, पाळी कधी बंद झाली? मला वाटलं, डोकं कुठं आणि पाळी कुठं! बाईंनी नीट समजावलं. अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं, ते स्टेरॉइड जातीचं असतं. स्टेरॉइड म्हटल्यावर मला काळेवाडीच्या जिममधली फुगलेली पोरं आठवली. बाई म्हणाल्या, ते वेगळं. हे शरीर स्वतःच बनवतं, थोडंफार मेंदूही बनवतो. मेंदूतल्या पेशींवर काही आघात झाला, तर तग धरायला त्यांना याची मदत होते. तरुणपणीच अंडाशयं गेली की हा आधार एकदम तुटतो. तेव्हाच त्याच्या गोळ्या सुरू करायला हव्या होत्या.

"त्यामुळंच असं झालं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण धोका वाढतो."

"मग आता द्या ना गोळ्या."

"मेलेल्या पेशी परत येत नाहीत हो."

ताई शेजारी बसून पदराचा काठ चाचपत होती. माझं डोकंच फिरलं. त्या सर्जनचा राग आला, कंपनीचा आला, आणि 'काही होत नाही गं' म्हणणाऱ्या आमच्या शहाण्या बायकांचा तर सगळ्यात जास्त. कोणाच्या नावानं बोटं मोडणार? गावात बाईच्या पोटातलं काही काढायचं म्हटलं की सगळ्याच जणी वैद्य.

आणि मी काही वेगळी नाही. मलाही गेल्या वर्षापासून अंगावरून जातंय. येत्या दिवाळीला माझी पिशवी काढायचं घरात ठरलेलंच होतं. आधी औषधं करून बघा, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं. नवरा म्हणतो, औषधाच्या नादात किती खाडे करणार? रोज हाच वाद.

परवा सुट्टीच्या दिवशी मी पोट धरून पडले होते. ताई येऊन कंबर चोळायला लागली. हात अजून तसाच आहे तिचा, दुखरी जागा बरोबर सापडते. चोळता चोळता मायेनं म्हणाली, "काढून टाक की बये. किती सोसशील? मी न्हाई का काढली? मला बघ, काय झालंय?"

मी तिच्याकडं बघितलं आणि मला रडूच फुटलं.

"लई दुखतंय का?" तिनं माझे डोळे पुसले. "म्हणून तर सांगायले, काढून टाक."