दुसऱ्याचे बूट

धायरीचे रामदास ओव्हाळ बावीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. अठ्ठ्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं आणि पन्नाशीला टेकलेले रामदास हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत, एजन्सीमार्फत, रिसेप्शनवरचे सुरक्षारक्षक झाले. गणवेश एजन्सीचा, बूट स्वतःचे. त्या बुटांची निगा ते जातीनं राखत. नाड्या काढायच्या, शिवणीतली धूळ जुन्या टूथब्रशनं झाडायची, सुरकुत्यांवर थोडंसं एरंडेल चोळून मुरू द्यायचं, मग पॉलिश लावून फाटक्या बनियनच्या तुकड्यानं चमकवायचे. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत वाळवायचे. पायात धड बूट असले की समोरचा 'ए' म्हणायला कचरतो, हा त्यांचा अनुभव होता.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये अमेरिकेहून क्लायंट यायचे होते. ते यायच्या तासभर आधी आमोद नावाच्या तिशीतल्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या फिक्या तपकिरी बुटांवर कँटीनमध्ये मिसळीची तर्री सांडली. रिसेप्शनपाशी येऊन तो कागदी रुमालानं बूट खसाखसा पुसायला लागला. डाग पसरत चालला.

"घासू नका साहेब," रामदास म्हणाले. "तेल आत जातं. काढून द्या, मी बघतो."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून बोलले, आणि पुढे हेच त्यांना सगळ्यात जास्त सलत राहिलं.

कँटीनमधून त्यांनी कॉर्नफ्लॉवर आणलं आणि डागावर दाबून ठेवलं. वीस मिनिटांनी पिवळं झालेलं पीठ झाडलं, पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून फडक्यानं अलगद टिपलं आणि शेवटी खोबरेलाचं बोट फिरवून दोन्ही बुटांचा रंग सारखा केला. आमोदनं बूट उलटसुलट करून पाहिले. तो खरोखर खूश झाला.

"सही! हे कुठे शिकलात ओव्हाळ?" शेजारी उभ्या असलेल्या अपूर्वानं विचारलं. ती आमोदच्याच टीममधली.

रामदास 'घरीच' म्हणणार, एवढ्यात आमोद हसून म्हणाला, "अगं, त्यांच्यात ते हातातच असतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं स्किल आहे."

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, कौतुक होतं. अपूर्वानंही मान डोलावली. दोघं लिफ्टकडे गेले.

रामदास खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या घरात हे काम कधीच कुणी केलं नव्हतं. आजोबा रेल्वेत गँगमन, वडील महापालिकेत शिपाई. छप्पन साली दोघांनी धम्म स्वीकारला होता. पण 'ते आमचं काम नव्हे' असं म्हणावं, तर ते कुणाचं तरी आहे, हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

सोमवारी टेबलामागे एक पिशवी दिसली. आत बुटांचे तीन जोड, आणि वर आमोदची चिठ्ठी: 'ओव्हाळ, फ्रायडेपर्यंत प्लीज.' रामदासांनी पिशवी उचलली, चौथ्या मजल्यावर गेले आणि ती आमोदच्या टेबलावर ठेवली.

"हे आपलं खाली विसरलं होतं."

"विसरलं नाही हो, तुम्हाला—"

"माझी ड्यूटी दाराशी आहे," रामदास म्हणाले आणि जिना उतरले.

आठवड्याच्या आत एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला. रिसेप्शनला हसतमुख माणूस हवाय, असा निरोप होता. त्यांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका इमारतीत, तळघरातल्या पार्किंगला झाली. घरी चंपानं, त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं.

"केले असते तीन जोड, तर काय झिजला असतात?" ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं, कारण रोज दोन बस बदलून जावं लागणार होतं. रामदासांनी जेवणाचं ताट पुढे सरकवलं.

पार्किंगमध्ये त्यांनी सात वर्षं काढली. काळ्या धुरात शिट्टी वाजवणाऱ्याचे पाय कुणी बघत नाही. तिथे ते रबरी चपला घालायला लागले.

दोन हजार दहामध्ये मुलगी पूर्वा एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. पहिल्या दिवसासाठी घेतलेले काळे बूट तिनं कौतुकानं वडिलांसमोर धरले. "बाबा, आई म्हणते तुम्ही मस्त करता. मला करून द्या ना."

रामदासांनी हात मागे घेतला. "पॉलिश तिथे आहे, फडकं तिथे आहे. तुझे तू कर."

पूर्वाचा चेहरा उतरला. तिनं गुपचूप बूट उचलले आणि गॅलरीत जाऊन, नाड्या न काढताच, पॉलिश फासायला सुरुवात केली. रामदास आतून नुसते बघत राहिले.