डी-पाचवरचा घोडा

वळण राखणाऱ्या देवचाराला विडी ठेवल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या ड्रायव्हरांची मी आयुष्यभर टिंगल केली. घरातली माणसं अजूनही मला नास्तिक म्हणतात. तेव्हा असला अनुभव माझ्या तोंडी शोभत नाही, कबूल. पण घडलं ते भर दुपारी, भरलेल्या हॉलात घडलं... म्हणून लिहितोय.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. मी डिचोलीत खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. खाणीवर भरायचा, नदीच्या धक्क्यावर ओतायचा, रिकामा परत. माझा दोस्त दत्ताराम दुसऱ्या ट्रकवर. मी भरलेला जाताना तो रिकामा यायचा, आणि त्या गाठीला आम्ही खिडकीतून बुद्धिबळाची एक-एक चाल ओरडायचो. केबिनमध्ये पट कुठे मांडणार? पट डोक्यात. एक डाव तीन-तीन दिवस चालायचा. असं सहा वर्षं खेळून मला न बघता खेळायची इतकी सवय झाली, की बघून खेळायला बसलो तर उगाच गर्दी वाटायची.

त्या वर्षी माझ्या कंबरेने दगा दिला. म्हापशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून स्पष्ट सांगितलं, ट्रक सोडा, नाहीतर एक दिवस अंथरुणातून उठणार नाही. सोडून करणार काय? घरी बायको आणि दोन लहान मुली.

नेमका तेव्हाच पुण्याकडचा एक मोठा खेळाडू डिचोलीत यायचा होता. नाव सांगत नाही; देशातल्या पहिल्या पाच-सहांत गणना होती आणि डोळे बांधून खेळण्यात तर त्याचा हात कोणी धरत नसे. खाणीवर माझ्या न बघता खेळण्याची चर्चा होतीच, म्हणून त्याच्यासमोर मला बसवायचं ठरलं, दोघांचेही डोळे बांधून. आमचे मॅनेजर नायकबाब मला म्हणाले, "जिंकप सोड, बरोबरी केली तरी पुरो. सोमारापसून तूं ऑफिसांत."

बायको म्हणाली, "नीट खेळा. माका तुमची कंबर व्हयी, कप नको."

रविवारी दुपारी तीनला बाजारामागच्या हॉलात डाव. आधी अर्धा तास वाद झाला, चाली मराठीत सांगायच्या की कोकणीत. त्या दिवसांत चहा मागवतानासुद्धा हा वाद व्हायचा. शेवटी, शह दोन्हीकडे शहच, म्हणून मिटलं. आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं, डोळ्यांवर पंचे बांधले. भिंतीवर मोठा पट टांगला होता. त्यावर सोंगट्या हलवायला आणि चाली मोठ्याने सांगायला दत्ताराम.

अठराव्या चालीपर्यंत मी बरोबरीत होतो. चारही घोडे मारले गेले होते, हे मला पक्कं आठवतं. आणि बाविसाव्या चालीला पाहुण्यांनी आपला वजीर आणून ठेवला थेट माझ्या हत्तीच्या समोर. मधली सगळी घरं मोकळी. असली चूक शाळेतलं पोर करत नाही. हॉलात कुजबुज झाली आणि एकदम थांबली.

मी तो वजीर मारला नाही.

कारण मध्ये, डी-पाचच्या घरावर, घोडा उभा होता. त्यांचा. तो कधी आला हा प्रश्नच मला पडला नाही. मागून वजिराचा त्याला जोर होता, म्हणून मी त्यालाही मारलं नाही. पुढच्या पाच चाली मी त्या घोड्याला वळसा घालून खेळलो. जिकडे जावं तिकडे त्याचा मारा. दत्ताराम चाली सांगत होता, पण त्याचा आवाज रडवेला येत होता. शेवटी मला हत्तीचा शह बसला. राजाला निसटायला एकच घर, ई-तीन, आणि त्यावरही घोड्याचा मारा. मी म्हणालो, "हरलो."

पाहुण्यांनी पंचा काढला. "हार का मानलीत? ई-तीन मोकळं होतं की."

"तुमचा घोडा होता ना... डी-पाचवर."

ते खुर्ची वळवून माझ्यासमोर बसले. मग हळूच म्हणाले, "तो घोडा तुमचा होता. तो बाजूला झाला की माझा वजीर गेला, म्हणून पाच चाली मी जीव मुठीत धरून बसलो होतो."

दत्ताराम पटाखालून आला. "थंय घोडो नव्हतोच. चारय घोडे माझ्या हातान काढलंय."

नायकबाब मात्र भला माणूस. चहा येईपर्यंत त्यांनी टेबलावर पट मांडून तोच डाव लावला, माझा हत्ती, समोर वजीर. म्हणाले, "चूक कोणाकूय जाता. आतां दोळे उगडे आसात. मार, सोमारापसून ऑफिस तुजें."

मी हत्ती उचलला. डी-दोन, डी-तीन, डी-चार... आणि हात थांबला. दुखला नाही, जड झाला नाही. ट्रक रिव्हर्स घेताना मागे माणूस असला की न बघताही कळतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो, तसं. पटावर काही नव्हतं. मी तीनदा प्रयत्न केला. सगळे बघत होते. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कितें जालें रे? मार."

पाहुण्यांनी आपला वजीर उचलला, खाली आणू लागले, आणि डी-सहावर थांबले. तिथूनच त्यांनी तो परत ठेवला. "त्यांना आग्रह करू नका," एवढंच म्हणाले.

नायकबाब हसले. माझा हत्ती घेतला, सरळ रेषेत वर नेला आणि वजीर टकदिशी पाडला. "हें पळय. कितें आसा मदीं?" दत्तारामनेही तेच करून दाखवलं. दोघांच्या हाताला काहीच आडवं आलं नाही.

मग नायकबाबांचा चेहरा बदलला. "भियेलो तूं," म्हणाले आणि चहा न घेता गेले. सोमवारी सकाळी सहाला मी ट्रकवर होतो. पुढे एकोणीस वर्षं होतो... आता काठीशिवाय उभं राहता येत नाही.

मोठ्या माणसासमोर मी बुजलो, असं बरेच जण म्हणतात. असेल. पण पाहुणे कोणाला बुजले? माझ्या कंबरेला तेल लावताना बायको अजून मध्येच हात थांबवून विचारते, "समोरचो वजीर मारूक कित्याक नाय?" मी कूस बदलतो.